आईचे तीन होकार

रविवारी दवाखाना बंद असतो, तरी त्या रविवारी ताईने सकाळीच शटर वर केलं, दिवे लावले आणि रिसेप्शनच्या टेबलावर फडकं मारलं. तशी काही गरज नव्हती, आदल्या संध्याकाळीच मारलं होतं. पण ताईला धाकधूक वाटायला लागली की तिचे हात आपोआप फडकं शोधतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकधुकीला कारणही तसंच होतं. मंगळवारी आईच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट, दात पेलणारे धातूचे स्क्रू, बसवायचे होते. म्हणजे तसं ठरलं होतं. पण आईच्या बाबतीत 'ठरलं' या शब्दावर विसंबायचं नसतं. याआधीही दोनदा ठरलं होतं आणि दोन्ही वेळा आईने ऐन वेळी "राहू दे गं, चाललंय की माझं" म्हणून मोडता घातला होता. चाललं होतं काय, तर हिरडीखालचं हाड झिजून झिजून खालच्या कवळीला टेकायला जागाच उरली नव्हती. बोलताना ती उचलली जायची, चावताना टोचायची. आई मऊ, पातळ, भिजवलेलं असं काहीबाही खायची, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, एकटीच. दातांच्या डॉक्टरांचं घर, आणि त्याच घरातली बाई चावता येत नाही म्हणून वाळत चालली होती. बाहेर कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

फॅमिली डॉक्टरांनी तर गेल्या भेटीत चक्क दम भरला होता. वजन असंच उतरत राहिलं तर पुढे ऑपरेशनला मीच नाही म्हणेन, असं ते म्हणाले होते. तेव्हा आता झालं तर झालं, नाहीतर आई उरलेलं आयुष्य भिजवलेल्या बिस्किटांवर काढणार, हे ताईला स्वच्छ दिसत होतं.

तिला भीती ऑपरेशनची नव्हती, भावांची होती. दादा हाडात इम्प्लांट बसवायचा आणि बारक्या वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये त्यावरचे दात घडवायचा. एका पेशंटच्या पुढच्या दाताच्या भानगडीपासून दोघांत धड बोलणं असं उरलंच नव्हतं. दादाने हाड चांगलं मिळालं तिथे इम्प्लांट बसवला. बारक्याने त्यावर दात केला, तर स्क्रूचं भोक नेमकं समोरून दिसायला लागलं. दात पुन्हा केला, पुन्हा तेच. दादा म्हणाला, लॅबला जमत नाही. बारक्या म्हणाला, बसवणाऱ्याने आधी विचारायला काय झालं होतं? तेव्हापासून दोघे एका जिन्याच्या दोन टोकांना राहून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत होते. आणि तयार दात पेशंटच्या तोंडात बसवून देणारी वहिनी, तिचं तर पोस्ट ऑफिस झालं होतं. एकीकडे नवरा, दुसरीकडे दीर.

बाबा असताना असं नव्हतं. मोठी केस आली की रविवारी सगळ्यांनी मागच्या खोलीतल्या टेबलाभोवती बसायचं. मध्ये पेशंटच्या जबड्याचं प्लास्टरचं मॉडेल. पण पेशंटला काय हवंय ते ताई सांगत नाही तोवर मॉडेलला कुणी हात लावायचा नाही, आणि ताईनेही ते पेशंटच्याच शब्दांत सांगायचं. 'खालच्या दोन दाढा' असं म्हटलं की बाबा नकारार्थी मान हलवायचे. 'नातू बिस्कीट देतो ते न भिजवता खाता आलं पाहिजे' असं म्हटलं की म्हणायचे, "हां, आता बोला." मग तिथून उलटं मागे यायचं. त्या बिस्किटासाठी दात कसा हवा, त्या दाताखाली इम्प्लांट कुठे हवा, तिथे हाड किती आहे. बाबा गेले, बैठक बंद पडली आणि मोबाईलवर ग्रुप आला. ग्रुपवर सगळे एकमेकांना अंगठा दाखवतात आणि हल्ली त्याला होकार म्हणतात.

म्हणून ताईने या वेळी ग्रुपवर काही न लिहिता तिघांना फोन केले होते. "आईची केस आहे. बाबांसारखं बसायचं," एवढंच म्हणाली. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

वहिनी आईला घेऊन आली. आईने ठेवणीतली चप्पल घातली होती. आपल्याच दवाखान्यात पेशंट म्हणून यायचं, तर जरा नीटनेटकं यावं असं तिला वाटलं असावं. वहिनी मात्र निश्चिंत होती. तिच्या पिशवीत नमुन्याचा एक प्लास्टिकचा जबडा होता. त्यात दोन इम्प्लांट, इम्प्लांटवर दोन बारीक गोल डोकी आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी. आईने चार दिवसांपूर्वीच तिला हो म्हटलं होतं. स्वयंपाकघरात, दोघीच असताना. सासूने इतक्या लवकर हो म्हणावं याचा वहिनीला आतून आनंद झाला होता, आणि नवऱ्याला ही बातमी आज सगळ्यांसमोर द्यायची असं तिने ठरवलं होतं.

दादा आला तो हातात एक खोका घेऊन. आल्या आल्या त्याने आईच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बारक्या जिना उतरून आला. त्याच्या हातात ट्रे होता आणि ट्रेवर पांढरा रुमाल. त्याने वहिनीला मान लववली, ताईकडे बघून हसला आणि दादाच्या बाजूचं सगळं सोडून उरलेल्या खोलीकडे नीट बघितलं.

सगळे बसले. आईला बाबांच्या खुर्चीत बसवलं, मध्ये तिच्या जबड्याचं मॉडेल ठेवलं. ताईने घसा साफ केला.

"तर, पेशंटला काय हवंय," ती म्हणाली आणि गप्पच झाली. कारण तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीतच नाही. इतक्या वर्षांत दारातून आलेल्या प्रत्येक माणसाला तिने हा प्रश्न विचारला होता. आईला विचारायचं राहून गेलं होतं.

"त्यात सांगायचंय काय?" दादा म्हणाला. "आईचं नि माझं बोलणं झालंय. चार इम्प्लांट, त्यांवर पक्क्या दातांचा ब्रिज. काढायची-घालायची कटकट नाही. दगडसुद्धा फोडशील म्हटलं. आईने हो म्हटलंय." त्याने खोका उघडला. आत ड्रिलला दिशा देणारं गाइड होतं, आईच्या जबड्याच्या मापाचं, चार भोकांचं. पठ्ठ्या तयार करूनच आला होता.

"अहो, कधी म्हणाल्या हो?" वहिनीने विचारलं.

"गुरुवारी. तिला बँकेत घेऊन गेलो होतो तेव्हा. का?"

"मला बुधवारी म्हणाल्या." वहिनीने पिशवीतून प्लास्टिकचा जबडा काढून टेबलावर ठेवला. "दोन इम्प्लांट आणि टिचबटणाची कवळी."

बारक्या ट्रेवरचा रुमाल काढत होता. खाली मेणात लावलेले खालचे दात होते. इतके नेटके की बघत राहावं. "मला शुक्रवारी म्हणाली," तो ताईकडे बघून म्हणाला. "ऑपरेशनच नको. मी नवी कवळी करतो, अजिबात उचलणार नाही अशी. आधी ती वापरून बघ म्हटलं. तर म्हणाली, हो रे बाळा, तसंच करू."

चार, दोन आणि शून्य. सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आई टेबलाच्या कडेवरचा एक निघालेला टवका बोटाने बसवायच्या खटपटीत होती.

"आई," ताई म्हणाली, "तू तिघांनाही हो म्हणालीस?"

"अगं, तिघंही इतक्या मायेने विचारत होते," आई म्हणाली. "नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?"

एरवी यावर हशा पिकला असता. पण दादाने ट्रेकडे बोट दाखवलं. "उचलणार नाही म्हणजे? हाडच नाही तिथे. हवेत बसवणार आहेस कवळी?"

"माझ्या कामावर तुझा भरवसा नाही, हे नव्याने सांगायला नको," बारक्या म्हणाला.

"प्रश्न भरवशाचा नाही, बारक्या. स्कॅन बघ ना."

"बघितला असता. दाखवतोस कुठे तू? मला डायरेक्ट चिठ्ठी येते, की या भोकावर दात करा. मी काय पंक्चरवाला आहे?"

"भाऊजी, जरा—" वहिनी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस," दादा तिला म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हे महागात पडणार आहे.

"मध्ये मीच असते हो. गेले सहा महिने मध्येच आहे. पेशंटच्या तोंडासमोर जाऊन शेवटी उभं कोण राहतं? तुम्ही दोघे येता का तिथे?"

आवाज चढत गेले. ताई मात्र भावांकडे बघतच नव्हती. तिची नजर आईच्या ओठांवर होती. आईने पदर सारखा केला, खुर्चीच्या हातावर हात टेकवला. ओठ 'रा' म्हणण्यासाठी उघडले, आणि ताईने टेबलावर अशी थाप मारली की प्लास्टिकचा जबडा उडी मारून बारक्याच्या ट्रेजवळ जाऊन पडला.

"आई, ते दोन शब्द तोंडातून काढलेस तर बघ! आणि तुम्ही तिघं, हात मागे. सगळ्यांचे. मॉडेलला हात लावायचा नाही. पेशंटशी बोलायचं काम माझं आहे." तिने आईच्या दंडाला धरलं. "चल बाहेर."

बाहेर नेऊन ताईने तिला काउंटरच्या अलीकडे, पेशंट बसतात त्या खुर्चीत बसवलं, आणि स्वतः वळसा घालून पलीकडे आपल्या जागेवर जाऊन बसली. मागच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं.

"बसा," ती म्हणाली.

"बसलेच आहे. आणि बसा काय गं?"

"इथे मी सगळ्यांनाच अहो-जाहो करते. काय त्रास होतोय तुम्हाला?"

आईने तिच्याकडे बघितलं. लेक चेष्टा करतेय की काय ते तिला कळेना. पण ताईचा चेहरा रोजचा होता, अनोळखी माणसाकडे बघायचा. आईला तो चेहरा फार आवडला. म्हणजे रोज माणसं येतात ती या चेहऱ्याशी बोलतात तर, असं तिच्या मनात आलं.

"त्रास म्हणजे, मुलं फार काळजी घेतात," ती म्हणाली.

"त्याच्यावर आमच्याकडे इलाज नाही. दुसरं?"

आई हसली. मग थोडा वेळ काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "खाताना टोचतं. ते तर आहेच. पण मला वेगळंच विचारायचं होतं. डॉक्टरांना विचारावं की न विचारावं, कळत नव्हतं."

"मला विचारा."

"दात बसवले. समजा, छान बसले. पुढे माझे हात चालेनासे झाले, तर ते साफ कोण करणार?" तिने आपली बोटं उघडून दाखवली. पेरं सुजलेली, दोन बोटं जरा वाकडीच. "ह्यांचे वरचे दात पक्के होते. काढता न येणारे. थोरल्या मुलानेच बसवले होते. काय झोकात असायचे! पण शेवटच्या वर्षात ह्यांचा हात असा थरथरायचा की ब्रश हिरडीला लागून रक्त यायचं. दाताखाली अन्न अडकून राहायचं, वास यायचा. दातांचा डॉक्टर तो, त्यांना कळत नव्हतं का? मग जेवण झालं की मी खोलीचं दार लावून घ्यायची आणि बारीक ब्रशने सगळं खालून-वरून साफ करून द्यायची. हे डोळे मिटून बसायचे. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घातलेला माणूस. साफ करून होईपर्यंत एकदा माझ्याकडे बघायचे नाहीत. झालं की म्हणायचे, मुलांना सांगू नकोस हं."

ताईचं अहो-जाहो गळून पडलं. "आई, तुम्ही दोघं दार लावून पेपर वाचायचात ना?"

"वाचायचो की. नंतर."

मागच्या खोलीत दादाला सगळं ऐकू येत होतं. त्या बंद दारावरून त्यानेच आईबाबांची सगळ्यांत जास्त थट्टा केली होती. 'या वयात कसली गुलुगुलू चाललीत,' असं तो बाहेरून ओरडायचा आणि आतून बाबांचं खोकल्यासारखं हसू यायचं. ते हसले तेव्हा त्यांच्या तोंडात ब्रश असेल. आपण बसवलेल्या दातांखाली. त्याला ते दात बसवले तो दिवस आठवला. बाबा आरशात बघून म्हणाले होते, "अरे, हे तर माझ्यापेक्षाही तरुण आहेत." त्या एका वाक्यावर दादाने पुढची कित्येक वर्षं काढली होती.

वहिनीला त्याच्याकडे बघवेना. ती उठणार तोच बारक्याने समोरचा पाण्याचा ग्लास टेबलावरून दादाकडे सरकवला. दादाने ग्लास घेतला, प्यायला नाही, आणि तो हातात धरूनच बाहेर गेला.

"मला का नाही सांगितलंस?" तो आईसमोर उभा राहून म्हणाला. "मी केलं असतं. रोज केलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं. तुझ्या हातचे दात त्यांना फार आवडायचे रे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठ वर करून दाखवायचे. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, माझं चुकलं."

"चुकलंच ना."

"दात चांगलेच होते. हात गेले होते ह्यांचे." आईने त्याच्या हातातला ग्लास काढून घेऊन काउंटरवर ठेवला, नाहीतर तो पडलाच असता. "आणि ह्यांना मी होते."

"आणि तुला आम्ही नाही?" ताईने विचारलं.

"आहात ना. म्हणूनच." आईचा आवाज बारीक झाला. "मला तुमच्यापुढे तोंड उघडायची लाज वाटते गं."

"आई, आम्ही दिवसभर तोंडंच बघतो माणसांची!" बारक्या दारातून म्हणाला. तो आणि वहिनी कधी येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नव्हतं.

"लोकांची बघता," आई म्हणाली. "मी तुमची आई आहे."

ताई उठली. तिने डोळे पुसले ते टेबल पुसायच्या फडक्याने, आणि सगळ्यांना हाकलत पुन्हा मागच्या खोलीत नेलं. सगळे बसल्यावर बाबांना सांगायची तसं तिने सांगितलं, "पेशंटला दात स्वतःच्या हाताने काढता-घालता आले पाहिजेत. याच हातांनी. आणि हेही हात थकले तर दुसऱ्या कुणालाही ते पटकन काढून धुता आले पाहिजेत, तोंडात ब्रश घेऊन बसावं न लागता."

"हां, आता बोला," बारक्या पुटपुटला. ते बाबांचं वाक्य होतं. दादाने त्याच्याकडे बघितलं आणि दोघांनीही चटकन नजर दुसरीकडे वळवली.

वहिनीने प्लास्टिकचा जबडा आईच्या पुढ्यात सरकवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला थोडं बरं वाटत होतं. चार बाद, शून्य बाद, उरले तिचे दोन. "आई, ही बघा, अशी निघते. काढून बघा."

आईने बोटं कवळीच्या कडेला लावली, ओढली. पुन्हा ओढली. अंगठा घसरला. तिने जबडा पोटाशी धरला, ओठ आवळले, आणखी जोर लावला. कवळी जागची हलली नाही. आईच्या कपाळावर घाम आला, आणि ती कसनुसं हसून म्हणाली, "छान घट्ट आहे हो तुझी."

वहिनीचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात तिने हीच कवळी काढून दाखवली होती. टक् असा आवाजही झाला होता. पण काढली होती तिने, स्वतःच्या बोटांनी. पेशंटच्या हातात देऊन बघायचं साधं सुचलं नव्हतं. रोज पेशंटना आरसा देते, कसं दिसतंय ते विचारते, आणि घरच्या बाईच्या सुजलेल्या पेरांकडे आपलं लक्ष गेलं नाही. रोज त्याच हातांतून चहाचा कप घेतो आपण.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "मी आत सगळ्यांत घट्ट टोप्या घातल्यात, त्या गोल डोक्यांना पकडणाऱ्या. मला वाटलं, तुमची कवळी आता कधीच हलायला नको." तिने पिशवीतून छोटी डबी काढली. "मऊ टोप्या पण असतात. या निळ्या."

"टोपी मऊ घातली तरी बोट घसरणारच," बारक्या पुढे वाकून म्हणाला. तो आईच्या बोटांकडे बघत होता. "आई, परत धर बघू. तुझा अंगठा कुठे येतो? ... तिथे होय. मग तिथे कडेला खाच पाडली तर? बाहेरून दिसणार नाही, पण नख अडकेल." त्याने खिशातली पेन्सिल काढून कवळीवर दोन्ही बाजूंना खुणा केल्यासुद्धा.

"आणि इम्प्लांट दोन्ही अगदी समांतर हवेत," दादा म्हणाला. तो अजून चार भोकांच्या गाइडकडे बघत होता, पण आवाज कामाचा होता. "एक जरी तिरपा गेला तर कवळी एका बाजूने अडकणार. तिला मग झटका द्यावा लागेल." त्याने गाइड उचललं, खोक्यात ठेवलं आणि खोका बंद करून खाली पायाशी ठेवून दिला. मग बारक्याच्या ट्रेकडे मान केली. "हे दात तू लावलेस ते आधी तिच्या तोंडात बघू. ओठ कसा दिसतो, जीभ कुठे लागते. ते एकदा पक्कं झालं की तू मला सांग, त्या दातांखाली नेमकं कुठे हवंय ते. तू सांगशील तिथे ठेवतो."

बारक्याने मेणातला एक दात उगाच अंगठ्याने दाबून बघितला. "आणि मी सांगेन तिथे हाड नसलं तर?"

"तर जिन्यातून हाक मारीन. चिठ्ठी नाही पाठवणार."

"मला ऑपरेशन का नको होतं माहितीये?" बारक्या एकदम म्हणाला. "माझं टेबल तुझ्या ऑपरेशनच्या खोलीवर आहे. ड्रिलचा आवाज फरशीतून येतो. रोज येतो, मला काही वाटत नाही. पण मंगळवारी तो आईच्या जबड्यातून येणार, हे... मला नाही जमायचं वर बसायला."

"मग बसू नकोस. खाली ये. तिचा हात धर."

"मला कुणी आत घेतं का?"

"मी घेते," वहिनी म्हणाली. "गाऊन तेवढा धुतलेला घाला, भाऊजी. तुमच्या त्या प्लास्टरच्या कपड्यांत नको."

बारक्या कवळी घेऊन वर पळाला. थोड्या वेळाने छतातून बारीक घरघर ऐकू आली आणि सगळे वर बघत बसले. तो खाली आला तेव्हा कवळीला दोन्ही बाजूंना नखाएवढ्या गुळगुळीत खाचा होत्या. वहिनीने आतल्या टोप्या बदलल्या. आईने दोन्ही अंगठे खाचांत घातले आणि नुसतं वर उचलल्यासारखं केलं. टक्. तिने ती परत बसवली. पुन्हा काढली. पुन्हा बसवली. नव्या कुलुपाशी लहान मूल खेळतं तसा तिचा खेळ सुरू झाला, तो ताईने तोंडावर हात ठेवून हसेपर्यंत.

"मग मंगळवार?" ताईने विचारलं.

"मंगळवार."

"आता हे हो नक्की कुणाला म्हणालीस तेवढं सांग."

"सगळ्यांना," आई म्हणाली. "या वेळी चालेल ना?"

"चालेल," दादा म्हणाला. "चला, मग हे मेणाचे दात घालून बघू तुला. खालची काढून ये."

आई उठली. तोंडातून कवळी काढायची म्हणजे बाथरूममध्ये जायचं, दाराला कडी लावायची, रुमाल तोंडावर धरून बाहेर यायचं, हा तिचा नेम. मुलं-सून सगळी दातांच्याच कामातली, तरी आईला कवळीशिवाय यातल्या कुणी धड पाहिलेलं नव्हतं. मापं घेतानाही ती डोळे मिटून, मान फिरवून बसायची. आत्ताही सगळे सवयीने दुसरीकडे बघायला लागले. ताई फडकं घडी करू लागली, वहिनीने डबीचं झाकण लावलं.

आई बाथरूमच्या दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. आत दिवा लावलेला नव्हता, आरशात तिला काही दिसतही नसणार. मग ती वळली आणि परत आली. येऊन बाबांच्या खुर्चीत नीट बसली, आणि कुणी काही बोलायच्या आत तिने दोन्ही अंगठे तोंडात घालून खालची कवळी काढली.

तिचा खालचा ओठ आत गेला, हनुवटी वर आली. एका क्षणात ती खूप म्हातारी दिसायला लागली. हातातली ओली कवळी कुठे ठेवावी तिला कळेना. टेबलावर रुमाल होता, ट्रे होता, पण तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

दादाने आपला तळवा पुढे केला. हातमोजा न घालता. आईने त्याच्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि कवळी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"आण, धुवून ठेवतो," तो म्हणाला आणि बेसिनकडे गेला.

नळ सुरू झाला. मग बारक्या म्हणाला, "आई, तुझ्या खालच्या पुढच्या दातांतला एक मी जरा वाकडा लावलाय. तुझा खरा होता तसा. सरळ करू का?"

"नको," आई म्हणाली. शब्द जरा पसरट आला, पण तिने तो पुन्हा म्हटला. "नको. वाकडाच बरा. तुझ्या आजीचाही वाकडा होता."

"माझा पण वाकडाच आहे," ताई म्हणाली आणि ओठ खाली ओढून तिने दाखवला. वहिनी म्हणाली, मग भाऊजींचा पाहा, आणि मग प्रत्येकाच्या दाताची चौकशी सुरू झाली. आईही बोलत होती. तोंडावर ना हात, ना रुमाल, ना पदर. बोलता बोलता ती हसली तेव्हा रिकामी गुलाबी हिरडी सगळ्यांना दिसली, आणि कुणीही मान वळवली नाही.

नळ चालूच होता.

"अरे, किती धुशील?" आईने बेसिनकडे बघत हाक मारली. "झिजवतोस का आता ती?"

"झालं, झालं," दादा म्हणाला. पण तो पाठमोराच उभा राहिला, कवळी दोन्ही हातांत धरून, आणि त्याचे खांदे हलायचे थांबेपर्यंत आईने त्याला पुन्हा हाक मारली नाही.